ओळखीची खिडकी

चार महिन्यांत नऊ माणसं आली होती. त्यातल्या दोघांना मुतारी कुठे आहे एवढंच विचारायचं होतं, म्हणजे खरी सातच.

शुभांगी साळवे खिडकीच्या आत बसून दिवसभर वाट बघायची. समोर कॉम्प्युटर, बाजूला करकरणारा प्रिंटर, आणि खिडकीच्या वर पंकज डॉक्टरांनी रंगवून घेतलेली पाटी: 'आपली माहिती आपल्या हाती'. कोल्हारच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात ९८ च्या दिवाळीत कॉम्प्युटर आला. त्याआधी केसपेपर गठ्ठे बांधून माळ्यावर टाकलेले असत आणि निम्म्यांना वाळवी लागलेली असे. पंकज डॉक्टर पुण्याला शिकून आलेले, वयाने तरुण. आजार पेशंटचा असेल तर कागदही त्याचाच, असं ते म्हणायचे. त्यांनी शुभांगीकडून तीन हजार केसपेपर टाईप करून घेतले. प्रत्येक पेशंटला नंबर घातलेलं पिवळं कार्ड मिळालं. कार्ड घेऊन खिडकीवर यायचं, आपलं पान पडद्यावर बघायचं, हवं तर छापून न्यायचं. एक पैसा लागत नव्हता.

तरी कुणी येत नव्हतं. औषधाच्या खिडकीपुढे रांग दारापर्यंत जायची आणि ह्या खिडकीपुढे एक म्हातारा कुत्रा झोपलेला असायचा.

"का येत नसतील गं लोक?" डॉक्टरांनी एके दिवशी विचारलं.

"वाचता येत नसेल, सर. सगळं इंग्रजीत आहे."

"पण मराठीत समजावून सांगायला तू बसली आहेस ना?"

"हो."

"मग?"

 शुभांगी बी. कॉम. झालेली, श्रीरामपूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. गावात हे काम करणारी ती एकटीच. हे काम तिला मनापासून आवडायचं, म्हणून त्या रिकाम्या खिडकीचं तिला फार लागायचं.

"तू इथलीच आहेस," डॉक्टर म्हणाले. "लोकांना विचार. जे सांगतील ते लिहून आण."

त्यांनी तिला एक दोनशे पानी वही दिली. शुभांगी रविवारी वही घेऊन बाहेर पडली.

पहिल्यांदा ती चांगुणाबाईंकडे गेली. नदीच्या अंगाला पेरूची बाग, बागेच्या कडेला घर. चांगुणाबाईंना बरीच वर्षं साखरेचा त्रास होता आणि महिन्यातून दोनदा त्या दवाखान्यात यायच्या.

"अगं, माजा चष्मा फुटलाय," त्या म्हणाल्या.

"मी वाचून दाखवते ना, काकू."

"वाचून काय व्हायचंय? साखर हाय ते मला म्हाईतच हाय. डाक्टर म्हनले भात कमी करा, केला कमी."

"पण आता किती आहे, मागच्यापेक्षा वाढली का उतरली, ते तुम्हाला कळेल."

"किती हाय ते तुला ठावं आसंल की!" चांगुणाबाई मोठ्यांदा हसल्या. डोळे मात्र हसत नव्हते.

शुभांगीला खरंच ठाऊक होतं. आकडा तिनेच टाईप केलेला होता. ती उगीचच ओशाळली आणि वहीत 'चष्मा नाही' असं लिहिलं. तेवढ्यात चहा आला. घरच्यांना स्टीलच्या पेल्यांत, तिला कपबशीत. पाहुणी म्हणून कपबशी काढली, की बौद्धवस्तीतली म्हणून कपबशी वेगळी ठेवलेली? चांगुणाबाई तर तिच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. निघताना त्यांनी तिच्या पिशवीत दहा-बारा पेरू घातले. शुभांगीला त्या कपबशीचा अर्थ लागेना.

सहादूबाबांना दम्याचा विकार होता. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. आत पंच्याऐंशी सालापासूनचे सगळे कागद होते.

"हेच आमच्याकडे कॉम्प्युटरमध्ये आहेत, बाबा."

"मंग दोन ठिकानी कशाला?"

"हे हरवले तर?"

"हे हरवले तर खुटी मोकळी दिसंल. मला कळंल. तुज्यातले हरवले तर मला कोन सांगनार?"

तिने तेही लिहून घेतलं.

प्राथमिक शाळेतल्या जयमालाबाईंना इंग्रजी येत होतं, चष्मा धड होता, घर दवाखान्याच्या समोरच्या आळीत होतं. त्या म्हणाल्या, "वेळच होत नाही गं." पण मागच्याच आठवड्यात शुभांगीने त्यांना पाहिलं होतं. हातात पिवळं कार्ड घेऊन त्या खिडकीपासून चार पावलांवर आल्या, आत बघितलं, आणि कार्ड पर्समध्ये टाकून माघारी वळल्या. शुभांगीने वहीत 'वेळ नाही' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी वही चाळताना तिच्या मनात जे दुपारपासून घोळत होतं तेच वर आलं. माझ्यामुळेच येत नसतील. एवढ्या मोठ्या गावात आपले कागद साळव्यांच्या पोरीच्या हातात, हे त्यांना चालत नसेल. तोंडावर कोण म्हणणार? तिला राग आला, आणि रागाबरोबर एक प्रकारची सुटकाही वाटली, की चला, कारण तरी सापडलं.

पण दुसऱ्या दिवशी तिने आपल्या वस्तीतल्यांची कार्डं मोजली. एकतीस. त्यातलं एकही माणूस खिडकीवर आलेलं नव्हतं. शेजारचा सूर्यभान टेम्पो धुवत होता, त्याला तिने विचारलं.

"तुझ्या खिडकीवर कशाला यायचं?" तो म्हणाला. "तू तर रोज भिंतीपलीकडं भेटतीस."

"मग भिंतीपलीकडून तरी विचारलंस का कधी?"

 सूर्यभान चाकावर पाणी मारत राहिला. शुभांगीचं सापडलेलं कारण पुन्हा हरवलं.

घरी ती आणि वडील, दोघंच. आई कडूबाई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील भीमा साळवे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, मागच्याच वर्षी निवृत्त झाले. उंच, पांढरे कपडे, आवाज खणखणीत. जयंतीला वस्तीत भाषण करायचे ते त्यांनीच. कुणाच्या घरी मयत झाली की लोक त्यांना बोलवायचे, कारण ते जाऊन बसले की घर सावरायचं. शुभांगी त्यांना आण्णा म्हणायची.

"आण्णा, तुम्ही का नाही आलात खिडकीवर? कार्ड तर तुमचंही आहे."

"मला काय झालंय?" आण्णा म्हणाले. "सर्दीपडशाचं काय वाचायचं?" मग थोडं थांबून म्हणाले, "शनिवारी शेवगावला जाऊन येतो. आक्काचा गुडगा धरलाय."

आक्काबाई म्हणजे त्यांची बहीण, शेवगावला दिलेली. चार-पाच महिने झाले, आण्णा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटेच्या एसटीने निघायचे, नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर गाडी बदलायचे आणि रात्रीपर्यंत परतायचे. बहिणीच्या गुडघ्यासाठी एवढा प्रवास. शुभांगीला त्याचं कौतुक वाटायचं.

फेब्रुवारीत पुण्याहून एक इंजिनिअर आला. ट्रस्टचा दुसरा दवाखाना शेवगावला होता, तिथेही कॉम्प्युटर बसला होता. इंजिनिअरने टेलिफोनच्या तारेला एक लहान डबी जोडली. ती डबी किंचाळायची, खरखरायची, आणि मग शेवगावची पानं कोल्हारच्या पडद्यावर उमटायची. पंकज डॉक्टर लहान मुलासारखे खूष झाले.

"आता पेशंट कुठल्याही दवाखान्यात गेला तरी त्याचा कागद त्याच्या आधी पोचेल," ते म्हणाले. "शुभांगी, दोन्हीकडे ज्यांची नावं आहेत त्यांची यादी काढ. एकाच माणसाची दोन पानं नकोत."

यादी फार मोठी नव्हती. चौदा नावं. सातवं नाव होतं भीमा रामजी साळवे, वय एकोणसाठ, मुक्काम कोल्हार, हस्ते आक्काबाई.

आधी तिला वाटलं, यंत्राचा घोटाळा आहे. आत्याला घेऊन गेले असतील आणि पलीकडच्या मुलीने चुकून आण्णांचं नाव घातलं असेल. गुडघ्याचं काय लिहिलंय बघावं म्हणून तिने पान उघडलं.

गुडघ्याचं काही नव्हतं. शेवगावला महिन्याच्या पहिल्या शनिवारी नगरहून एक मनाचे डॉक्टर यायचे, त्यांचं ते पान होतं. इंग्रजीत तीन-चार ओळी. झोप लागत नाही. पत्नी वारल्यापासून, दोन वर्षं. वारंवार रडतात. आणि शेवटची ओळ: घरी कळवू नये अशी विनंती, मुलगी आपल्याच ट्रस्टच्या दवाखान्यात कामाला आहे.

खाली रात्रीच्या गोळीचं नाव होतं.

शुभांगीने पान बंद केलं. मग परत उघडलं, कारण आपण नीट वाचलं का याची खात्री वाटेना. मग एकदम भीती वाटून पुन्हा बंद केलं. घरी कळवू नये, असं त्यांनी सांगितलेलं. पलीकडच्या मुलीने ते सांगणंही इमानाने टाईप केलेलं. आणि तारेने ते सगळं शंभर किलोमीटर आणून नेमकं तिच्यापुढेच ठेवलं. चूक कुणाची हे तिला कळेना. कुणी चूक केलीच नव्हती.

त्या दिवसापासून ती घरात चोरासारखी वावरू लागली. आण्णा वर्तमानपत्र वाचत बसले की ती त्यांच्या डोळ्यांकडे बघायची. ते कधी रडत असतील? मी दवाखान्यात असताना? मोरीत? हा माणूस रडतो, हेच तिच्या डोक्यात बसत नव्हतं. आई गेली तेव्हा तिलाच त्यांनी सावरलं होतं. तिने एका आठवड्यात तीनदा अंड्याची आमटी केली, त्यांची गादी उन्हात टाकली, कारण नसताना मागचं पुढचं बोलत बसली.

"आज काय सण हाय का?" आण्णांनी विचारलं.

"कुठे काय? सहज."

आणि मग गुरुवारी तिच्या तोंडून गेलं. आण्णा सकाळी उठून बसले होते, जांभया देत होते. चहा पुढे ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्या गोळीनं पण नीट झोप लागत नाही का?"

आण्णांचा हात बशीवरच थांबला.

"कुटली गोळी?"

शुभांगी उभीच राहिली. खोटं बोलायला सुचलं असतं तर बोलली असती.

"शेवगावचं यंत्र आन तुमचं यंत्र येकच हाय?" आण्णांनी हळू विचारलं.

"पंधरा दिवसांपासून. तार जोडलीय."

आण्णांनी चहा तसाच ठेवला, टोपी घातली आणि बाहेर पडले. दुपारी जेवायला आले, पण बोलले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. शनिवार मार्चचा पहिला शनिवार होता. शुभांगी पहाटे जागीच होती. कडी वाजेल, चपला वाजतील म्हणून कान देऊन पडून राहिली. आण्णा उठले नाहीत. उजाडलं, ऊन ओट्यावर आलं, तरी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. नगरची एसटी कधीच निघून गेली होती.

आता मात्र ती खरंच घाबरली. तिला काही कळलं नसतं तर ते आज डॉक्टरांकडे असते. दवाखान्यात येऊन तिने पहिल्यांदाच आपल्या खुर्चीकडे बघितलं आणि तिथे बसावंसं वाटलं नाही.

दुपारी ती जयमालाबाईंच्या घरी गेली. वही नेली नाही.

"बाई, खरं सांगा. तुम्ही खिडकीपर्यंत येऊन परत का गेलात?"

जयमालाबाई दारातच होत्या. त्यांनी तिला आत घेतलं आणि कडी लावली.

"तू वाईट वाटून घेणार नसशील तर सांगते."

"नाही वाटून घेत."

"तू वाईट असतीस तर मी आले असते. परकी असतीस तरी आले असते. पण तू माझ्या बहिणीबरोबर शाळेत होतीस. माझ्या सासूबाईंना बाजारात भेटतेस. तू कुणाला काही सांगणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. पण रस्त्यात समोर आलीस की मला वाटणार, हिला माहीत आहे. तू नुसती हसलीस तरी वाटणार."

"पण मी ते आधीच टाईप केलंय, बाई. तुम्ही आलात काय आणि न आलात काय, मला माहीतच आहे."

जयमालाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं असं दिसलं. मग म्हणाल्या, "तसं आहे खरं. पण मी खिडकीवर आले नाही तोवर तुला माहीत नाही असं मला धरून चालता येतं."

 शुभांगीने जे कुणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं. "मी वस्तीतली आहे, म्हणून तर नाही ना?"

"काहींच्या मनात असेलही," जयमालाबाई सावकाश म्हणाल्या. "माझ्या मनात नाही असं मी म्हणेन. पण माझ्या म्हणण्यावरून तू कसं ठरवणार?"

ह्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही, पण त्या बाई तिच्याशी खरं बोलल्या एवढं तिला कळलं. बाकीच्यांचं काय, ते तसंच राहिलं.

सोमवारी तिने पंकज डॉक्टरांना सांगितलं. वडिलांचं नाव काढलं नाही, नुसतं एक पेशंट म्हणाली.

"पण तू कुणाला सांगितलंस का काही?" डॉक्टर गोंधळले.

"नाही, सर."

"मग अडचण कुठे आहे?"

"मला माहीत आहे, हीच अडचण आहे."

"अगं, पण कुणाला तरी माहीत असावंच लागणार. माळ्यावर कागद होते तेव्हा कंपाउंडरला माहीत असायचं."

"कंपाउंडर वाचत नव्हते, सर. ते नुसता गठ्ठा सोडून द्यायचे. आणि कागद शेवगावहून चालत येत नव्हता."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तिला खिडकीवरून काढायचं आणि परगावची मुलगी आणायची, असं त्यांनी म्हणून बघितलं. मग स्वतःच म्हणाले की परक्या मुलीला तरी लोक सांगतील का कोण जाणे. शेवटी एवढंच ठरलं, की ज्याने कळवू नये म्हटलंय त्याचं पान तारेवरून जायचं नाही, तसं इंजिनिअरला फोन करून विचारायचं. होईल की नाही ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर शुभांगीने पिशवी खाली ठेवली आणि आण्णांच्या समोर जमिनीवर बसली.

"आण्णा, मी मुद्दाम नाही बघितलं. यादीत नाव आलं. मला वाटलं आत्याच्या गुडघ्याचं असेल."

आण्णा टोपीची घडी घालत होते.

"चारच ओळी आहेत. मी कुणाला बोलले नाही. पण तुम्ही जायचं थांबवू नका. मी नोकरी सोडते हवी तर."

"नोकरी कशाला सोडतीस?" आण्णा पहिल्यांदाच बोलले.  मग त्यांनी विचारलं, "काय लिवलंय?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला कुटं म्हाईत? मी बोलायचो, ते लिवायचे. इंग्लिशमदी. मी काय त्यांच्या वहीत डोकावू?"

इतके महिने हा माणूस शंभर किलोमीटर जाऊन बोलत होता आणि त्याचं काय लिहिलं जातं हे त्यालाच ठाऊक नव्हतं. सांगावं की नाही हे शुभांगीला ठरवता येईना. पण पान त्यांचं होतं. तिने एकेक ओळ मराठीत सांगितली. झोप लागत नाही. आई वारल्यापासून. वारंवार रडतात.

"काय?" आण्णांनी मान वर केली. "रडतात?"

"असं लिहिलंय."

"मी रडतो आसं म्हनलोच न्हाई. डोळ्यात पानी येतं म्हनलो. संध्याकाळचं. तुजी आई त्या येळेला चुलीम्होरं बसायची, ते ध्यानात येतं. रडनं येगळं. रडनं म्हंजी माणूस मोडला."

"त्यांना इंग्रजीत तेवढाच शब्द असेल, आण्णा."

"आन वारंवार तर मुळीच न्हाई." ते चांगलेच तापले होते. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. "दुरुस्त करता येतं का?"

"येतं. पण पेशंट स्वतः आला पाहिजे. कार्ड घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता भीमा साळवे धुतलेले कपडे घालून दवाखान्यात आले. औषधाच्या रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. त्यांनी खिडकीपुढच्या कुत्र्याला पायाने हलकेच बाजूला सारलं आणि पिवळं कार्ड आत सरकवलं.

"नंबर सतराशे बारा," ते म्हणाले, जणू समोरची मुलगी त्यांची कुणीच नव्हती.

"बसा," शुभांगीही म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. कार्डाची नोंद करून तिने पान छापलं, मागच्या खोलीत नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं आणि दार लोटून घेतलं. मजकूर बदलायचा अधिकार तिला नव्हता, म्हणून पंकज डॉक्टरांना बोलवावं लागलं. डॉक्टर आले, नाव वाचलं, शुभांगीकडे बघितलं. 'एक पेशंट' कोण ते त्यांना तेव्हा कळलं. पण ते त्याबद्दल बोलले नाहीत. आण्णांनी सांगितलेलं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मूळच्या ओळीखाली इंग्रजीत घातलं: पेशंटचं म्हणणं असं, की रडत नाहीत, संध्याकाळी पत्नीची आठवण येऊन डोळ्यांत पाणी येतं.

"वाच," आण्णा मुलीला म्हणाले. तिने मराठीत सांगितलं.

"आता बराबर हाय. पर शेवगावच्या डाक्टरला दिसंल का हे?"

"आज दुपारी जाईल तारेवरून. तुम्हाला चालत असेल तर."

आण्णांनी विचार केला. "जाऊ दे," ते म्हणाले.

त्या महिन्यात खिडकीवर अकरा माणसं आली. चांगुणाबाई आल्या, आकडा कागदावर छापून घेतला आणि न वाचता कमरेच्या पिशवीत खोचला. आण्णा आले ते बघून लोक आले, की इंजिनिअरने काहीतरी केलं म्हणून, की नुसताच योगायोग, ते शुभांगीला सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात दोघंच आली. जयमालाबाई कधीच आल्या नाहीत, पण बाजारात भेटल्या की पूर्वीपेक्षा जास्त बोलायच्या.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी शुभांगी रजा काढून आण्णांबरोबर शेवगावला गेली. माळीवाड्याला गाडी बदलताना दोघांनी भेळ खाल्ली. वाटेत आण्णा बहुतेक खिडकीबाहेरच बघत होते. जयंतीच्या भाषणात काय बोलावं ते सुचत नाही, असं एकदा म्हणाले, आणि हेही तिला त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात आक्काबाई आधीच येऊन बसल्या होत्या. आण्णांचं नाव पुकारलं. ते उठले, आत गेले आणि पाठीमागे दार लागलं. शुभांगी आत जावं का म्हणून अर्धी उठली, पण परत बसली.

"शुभे," आक्काबाई तिच्याकडे सरकल्या. "मला तं म्हनतो डोस्कं दुकतं. डोस्क्याला का दर म्हैन्याला यावं लागतं? काय झालंय गं त्याला?"

"मला कसं माहीत असणार, आत्या?"

"आसं कसं? तूच तं दवाखान्यातली. तुमच्या त्या पेटीत समदं आसतं म्हनं."

शुभांगीने त्यांच्याकडे बघितलं. आत्याची काळजी खरी होती. सांगितलं तर कदाचित आण्णांचं बरंच होईल. कदाचित ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतील. तिला आधी कळत नव्हतं, आताही कळत नव्हतं.

"मला माहीत आहे, आत्या," ती शेवटी म्हणाली. "आधी खोटं बोलले. पण ते त्यांनाच विचारा."

आक्काबाईंना राग आला. त्यांनी तोंड फिरवलं आणि गुडघा चोळत बसल्या. तोही खरंच दुखत होता. थोड्या वेळाने त्यांनी न बोलता पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि अर्धी भाकरी शुभांगीपुढे धरली.

दार उघडून आण्णा बाहेर आले. हातात चिठ्ठी होती.

"झालं का?" आक्काबाईंनी विचारलं.

"झालं. पुढच्या म्हैन्यात एकदा यायचंय." ते बहिणीच्या शेजारी बसले, तिच्या हातातली भाकरी मोडून घेतली. "आक्के, तुला जरा सांगायचंय. घरी चल, मंग सांगतो."